सील शाबूत होतं, आक्का

आक्का, काल तुझ्या दिवसकार्यात, गंधमुक्तीला, मी भांडलो. भर मांडवात, पंगत बसायच्या आधी, अमळनेरहून आलेल्या मोठ्या काकांशी. तुला आवडलं नसतं. तू माझं मनगट धरून मला खाली बसवलं असतंस, म्हणाली असतीस, बापू, पाव्हणे बसलेत. पण तू नव्हतीस आणि मनगट धरायला दुसरं कोणी पुढे आलं नाही, म्हणून बोललो ते शेवटपर्यंत बोललो. पश्चात्ताप वगैरे काही नाही. आज कोणी विचारलं तर पुन्हा बोलेन.

सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर मांडव होता. मधोमध तुझा फोटो. तो वैशूने निवडला, तिच्या बारावीच्या निकालाच्या दिवशीचा. त्यात तू तोंडभर हसतेयस आणि गाल एवढे वर आलेत की डोळे दिसत नाहीत. दाजी म्हणत होते, दुसरा लावू, लग्नानंतरचा, बारीक होती तेव्हाचा. तुझी पोरगी ऐकेना. माझी आई हीच, म्हणाली. तुझा नवरा वाईट नाही, पण चार लोकांत तुझ्या अंगाची त्यांना लाज वाटायची, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

मग एकेक जण उठून दोन शब्द बोलायला लागला. सगळं छान चाललं होतं. तू कोणाच्या बाळंतपणाला धावलीस, गावाहून सुरतेला नव्याने आलेल्या किती जणांना महिना-महिना आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलंस, सगळं लोकांच्या लक्षात होतं. शेवटी काका उठले. टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बाई सोन्यासारखी होती. पण जिभेपुढे तिचं काही चाललं नाही. खाण्यावर ताबा ठेवला असता तर आज आपल्यात असती." लोकांनी माना डोलावल्या. मग काका पुढच्या रांगेत बसलेल्या वैशूकडे वळले. म्हणाले, बेटा, तुझंही अंग आईवरच गेलंय, आतापासून तोंड आवर.

पोरीने मान खाली घातली. तुझी मान अशीच खाली जायची. कितीतरी वर्षं ती तशी घालायला लावणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो, काकांच्याही पुढे. ते वर्षातून एकदा यायचे आणि एकदा बोलून जायचे. मी रोज सकाळी यायचो.

घरात आपण अहिराणीत बोलायचो. लिहायला बसलं की हात शाळेतल्या मराठीकडे वळतो, ते तेवढं चालवून घे. आणि मधेमधे रागावलो तर तेही चालवून घे, तुझ्यावर नाही रागावलेलो.

आधी ते पलसाण्याचं सांगतो. तू म्हणशील, मला काय सांगतोस, मीच होते की तिथे. तुला नाही, मला ऐकायचंय. नऊ वर्षं झाली असतील. मी तिथल्या कापड रंगवायच्या मिलमध्ये जेट मशीनवर होतो, मरून रंगाचा लॉट चालू होता. बंद मशीनमध्ये कापड फिरतं, आत वाफ सोडतात, पॅनलवर आकडा बघायचा, त्याला आम्ही काटा म्हणतो, एकशे तीस डिग्रीला पोहोचलं की वाफ आपोआप बंद होते. त्या दिवशी आकडा एकशे बावीसच्या वर चढेना आणि वाफ काही थांबेना. मी पॅनलकडे बघत उभा. लॉट बाहेर काढला तर सगळी शेड गेलेली, कापडाला अशा घड्या पडलेल्या की इस्त्रीच्या बापाने निघायच्या नाहीत. मास्टर म्हणाला, डोळा लागला असेल तुझा. मी म्हटलं, पॅनल कमी दाखवत होतं. तो हसला. पॅनल खोटं आणि तू खरा काय, म्हणाला, आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

घरी आलो तर माझी बायकोसुद्धा म्हणाली, डबल ड्यूटी केली होती ना, लागला असेल थोडा. तिचंही बरोबरच होतं म्हणा, मी आदल्या आठवड्यात जेवताना झोपलो होतो. मग तुझ्याकडे आलो. तू मांडीवर मजुरीची साडी घेऊन चमकीचे खडे चिकटवत होतीस. वर बघितलंस आणि एकच विचारलंस, डोळा लागला होता का. मी नाही म्हटलं. बस म्हणालीस, आणि पुढचा खडा उचललास.

दुसऱ्या दिवशी तू शेअर रिक्षात बसून पलसाण्याला गेलीस. मला न सांगता. वॉचमनने आत सोडलं नाही, तर त्याच्याच स्टुलावर बसलीस, पिशवीतून साडी काढलीस आणि मिलच्या गेटवर खडे चिकटवायला सुरुवात केलीस. मास्टर जेवायला बाहेर निघाला तेव्हा त्याच्यासमोर उभी राहिलीस. हे मला नंतर वॉचमनने सांगितलं, तुझी नक्कल करून. "मास्तरसाहेब, मन्हा भाऊ खोटं बोलस नही. तुमना काटा तपासा." मास्टर भडोचचा गुजराती, त्याला काय कळलं देव जाणे, पण बाई हलत नाही एवढं कळलं. फिटरने मशीनचा सेन्सर काढून चहावाल्याच्या उकळत्या पाण्याच्या बादलीत घातला. पाणी खळखळतंय आणि पॅनलवर ब्याण्णव. पंचावन्न जण बघत होते असं तू सांगायचीस. सात-आठ असतील फार तर. तू आकडे फुगवायचीस, पण खोटं नाही बोलायचीस. तिसऱ्या दिवशी मी कामावर होतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. काटा खोटा असू शकतो, काटा कमी दाखवत असला तर वाफ येतच राहते आणि आतला माल जळतो, हे ज्याला आपल्या अख्ख्या डिंडोली वस्तीत सगळ्यात चांगलं ठाऊक तो मी. आणि मीच तुझ्याशी त्या मास्टरसारखं वागलो.

तुला साखर निघाली तेव्हा घरात मशीन आणायचं मीच ठरवलं. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब ठेवायचा. रात्रपाळी सुटली की साडेआठला तुझ्या दारात यायचो. तू उपाशीपोटी माझी वाट बघत बसलेली असायचीस, बोट पुढे करायचीस. मी वहीत रेघा मारून खाने, म्हणजे रकाने, पाडले होते. तारीख, रात्री झोपतानाची साखर, सकाळची साखर, आणि शेवटचा खाना, रात्री काय खाल्लं. रात्रीचा आकडा वैशू घ्यायची. रात्री दीडशे असायची आणि सकाळी एकशे नव्वद. आठवड्यातून चार दिवस असंच. आता मला सांग, साध्या हिशेबाने काय वाटणार? रात्रीतून वाढली म्हणजे रात्रीतून काहीतरी पोटात गेलं. मी विचारायचो, काय खाल्लं. तू म्हणायचीस, "बापू, मी काहीच खादं नही." आणि मी त्या शेवटच्या खान्यात लिहायचो, सांगत नाही.

रोज. सांगत नाही, सांगत नाही, सांगत नाही. माझं अक्षर चांगलं आहे, आक्का, तेच आता वाचवत नाही.

तू काही साधी नव्हतीस, तेही कबूल करतो. मेल्यावर माणसाला देव करतात तसं मी करणार नाही. चांदनी पडव्याला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सगळी सुरत खाते ती तुपात घोळलेली घारी तू खाल्लीस, दर वर्षी खाल्लीस. पण आमच्यासमोर ताटात घेऊन, मांडी घालून, मला डोळा मारून. अर्धी खाल्लीस आणि अर्धी वैशूला दिलीस आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाढला तर म्हणालीस, घारी आहे ती, लिही. लपवायचं असतं तर घारी लपवली नसतीस का? हे मला तेव्हा का सुचलं नाही? एवढं काय डोकं लागतं त्याला?

आणि भूक. तुझ्या भुकेवरून आपण किती भांडलो. पोटभर भाकरी खाऊन उठायचीस आणि तासाभरात म्हणायचीस, बापू, पुन्हा भूक लागली. मी म्हणायचो, ही भूक नाही, ही सवय. तू म्हणायचीस, पोट भरलंय ते मलाही कळतं, पण डोकं ऐकत नाही, डोक्याला वाटतं मी चार दिवसांची उपाशी आहे. मी हसलो होतो. दाजींना सांगून पुन्हा हसलो होतो.

आता त्या सीलचं. गेल्या दिवाळीनंतरचं.

मी, दाजी आणि वैशू, तिघांनी मिळून ठरवलं असं म्हणायला सोपं जातं, पण ठरवलं मी, त्यांनी माना हलवल्या. गूळ, साखर, बिस्किटं, फरसाण, उरलेल्या भाकरीचा डबासुद्धा, सगळं एका कपाटात घातलं. आणि मिलमधून मी सील आणलं. टेम्पो भरला की दाराला लावतात ते प्लॅस्टिकचं, नंबर असलेलं. एकदा ओढलं की कापल्याशिवाय निघत नाही आणि कापलं की लावता येत नाही. कपाटाच्या दोन्ही कड्यांतून ते ओढलं आणि वहीत नंबर लिहून घेतला. तू ओट्याजवळ उभी होतीस. बाईच्या स्वयंपाकघराला तिच्या समोर सील ठोकतोय, आणि मला वाटत होतं मी तिचा जीव वाचवतोय.

सकाळी आलो. सील जागेवर. नंबर तोच. ओढून बघितलं, खरडलेलं नाही, तापवलेलं नाही. वैशू म्हणाली, मामा, मी आईच्या शेजारीच झोपले होते, ती उठलीच नाही. तुझं बोट टोचलं. एकशे शहाण्णव.

सगळा पुरावा माझ्या हातात होता, आक्का. बादलीतलं पाणी उकळत होतं आणि पॅनल ब्याण्णव दाखवत होतं. मिलमध्ये कोणी नवीन हेल्परसुद्धा म्हणाला असता, भाऊ, आत काहीतरी वेगळंच बिघडलंय. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, बाहेरून मागवलं असशील. उशीखाली ठेवलं असशील. वैशूला म्हणालो, तू आईला पाठीशी घालतेस. पोरगी रडायला लागली. तू रडली नाहीस. हसलीस, कात्री घेतलीस, सील कापलंस, साखरेचा डबा काढलास आणि माझ्यासाठी चहा टाकलास. तुझ्या स्वतःच्या कपात साखर नव्हती. "घे," म्हणालीस, "गार व्हई जाई."

त्या दिवसानंतर तू मला बोट दिलं नाहीस. म्हणायचीस, वैशूने घेतली, बरी आहे. वहीत पुढची पानं कोरी आहेत. मला वाटलं, आकडे वाढले म्हणून लपवते. नाही गं. तुला आकड्याची भीती नव्हतीच.

पुढचं पटकन लिहितो, त्यात रेंगाळायचं नाही. साडीवर चिकटवायचा एक खडा तुझ्या तळव्यात रुतला. पायाला बधिरपणा आलेला, तुला कळलंच नाही. कळलं तेव्हा जखम झाली होती. तू तिला लेसच्या चिंधीने बांधलंस आणि वरून मोजे घातलेस. अकरा दिवस. थंडी वाजते म्हणालीस, सुरतेच्या उकाड्यात. दवाखान्यात नेलं तेव्हा विष वर चढलं होतं. बाहेरच्या बाकावर वैशूने मला सांगितलं की तिला माहीत होतं. चार दिवस आधीच तिने पाय बघितला होता आणि ती माझ्याकडे यायला निघाली होती. तू तिला थांबवलंस. म्हणालीस, मामाला सांगू नको, तो म्हणेल खाल्लं असशील.

मी तसंच म्हणालो असतो.

पण दवाखान्यातलं एक सांगायचंय आणि त्यासाठीच लिहायला बसलो. तू आत बेशुद्ध होतीस, नळ्या लावलेल्या. चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, घरच्यांकडून माहिती लिहून घ्यायला. किती वर्षं साखर आहे, गोळ्या कुठल्या. मी तिला म्हणालो, लिहा, चोरून खायची. तिने पेन थांबवलं आणि हिंदीत विचारलं, "आपने देखा है?" मी म्हटलं, बघायची गरज काय, सकाळचा आकडाच सांगतो. माझी वही मी पिशवीत घेऊनच फिरत होतो, ती दाखवली. तिने पानं उलटली. सीलचा नंबर दिसला तेव्हा तिने विचारलं हे काय. मी सांगितलं. तिने वही मिटून मला परत दिली.

मग तिने मला उलटा प्रश्न केला. गेल्या चार दिवसांत तुमच्या बहिणीच्या तोंडात काही गेलं का? नाही. आज पहाटे साखर किती होती माहीत आहे? दोनशे ऐंशी. मग ही कोणी चोरून भरवली? मी म्हटलं, तेच तर, येते कुठून?

ती भली बाई. तिला शंभर कामं होती, तरी शेजारच्या खुर्चीत बसली. तिने सांगितलं ते मला समजलं तसं तुला सांगतो. साखर नुसती ताटातून येत नाही. लिव्हरमध्ये तिचं गोदाम असतं, माणूस झोपला की लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडतं, नाहीतर रात्रीतून जीव जाईल. सोडायची किती आणि थांबायचं कधी, याच्यावर इन्सुलिनचा ताबा असतो आणि वरून मेंदूचाही. मेंदूच्या तळाशी बोराएवढी जागा आहे. रक्तात साखर किती, अंगात चरबी किती साठली, याच्या खबरी तिथे पोहोचतात, आणि तिथून लिव्हरला निरोप जातो, पुरे आता. अंग वाढलेल्या माणसात आणि साखरेच्या माणसात पुष्कळदा ती खबरच मेंदूला नीट ऐकू येत नाही. साठा भरलेला असतो, पण मेंदूला वाटतं माणूस उपाशी आहे. मग तो भूक वाढवतो, आणि लिव्हरला पुरे म्हणायचं ते पुरेसं म्हणत नाही. पहाटे अंगातले इतरही रस वाढतात, ते साखर अजून चढवतात. म्हणून रात्री काही न खाता सकाळी आकडा वर. आता तर अंगात विष पसरलंय, त्याने आणखी वाढलीय.

ती असंही म्हणाली की एकट्या मेंदूवर सगळं घालू नका. इन्सुलिन कमी पडतं, लिव्हर स्वतःही ऐकेनासं होतं, आणि कोणाचा वाटा किती याचा शोध अजून चालू आहे. खाण्याकडे, चालण्याकडे, गोळ्यांकडे बघावं लागतंच. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण उद्या कोणी म्हणेल, बापू म्हणतो खा वाटेल ते. बापू तसं म्हणत नाही. बापू एवढंच म्हणतो की सकाळचा आकडा वाढला म्हणून बाई चोर ठरत नाही.

मी तिला विचारलं, म्हणजे काटा कमी दाखवत होता आणि वाफ येत राहिली? तिला काही कळलं नाही. मी जेट मशीनचं सांगितलं. ती म्हणाली, अगदी तसंच नाही, पण समजायला हरकत नाही. मग उठताना म्हणाली, वो सच बोल रही थीं. एवढं म्हणून आत गेली.

मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तुला आत भेटायला दोन मिनिटं द्यायचे, संध्याकाळी. मी तुझ्या कानाशी वाकलो. मशीनचे आवाज, नर्स उभी, मला वाटलं उद्या शुद्धीवर येईल तेव्हा नीट सांगू, समोर बसून, तिला चार शिव्या देऊ दे. तू आली नाहीस. माझ्यासाठी पलसाण्याच्या गेटवर जायला तू एक दिवस थांबली नव्हतीस. मी एक दिवस थांबलो आणि तेवढ्यात संपलं.

तर काल काका बोलले, वैशूची मान खाली गेली आणि मी उठलो. माईक काकांच्या हातात होता, मी तो घेतला नाही, मला गरज नव्हती, आमचा आवाज मशीनच्या वर चढवायची सवय आहे. मी म्हटलं, काका, बसा. मग म्हटलं, "मन्ही बहीण खोटं बोलस नही. खोटा मी शे."

आणि सगळं सांगितलं. सील लावल्याचं सांगितलं. काही बायकांनी तोंडाला पदर लावला. सील तसंच होतं आणि आकडा वाढला होता आणि तरी मी तिला चोर म्हणालो, हे सांगितलं. पायाचं सांगितलं. म्हटलं, ती खाण्याने गेली नाही, ती आपल्या बोलण्याला भिऊन गेली, अकरा दिवस पाय लपवून. दाजी खाली बघत होते. काका म्हणाले, बापू, तुझं दुःख समजतो, पण डॉक्टर लोक आता काहीही सांगतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या वेळीही होतं, तुम्ही विचारलं नाही. ते म्हणाले, मोठ्यांशी असं बोलतात का? मी म्हटलं, आज बोलतात. आणि हेही सांगून टाकलं की इथून पुढे या पोरीच्या ताटाकडे ज्याला बघायचंय त्याने आधी माझ्याकडे बघावं.

काका न जेवता निघाले होते. दाजींनी त्यांना रिक्षापर्यंत जाऊन परत आणलं, पंगतीला बसवलं. पण मग दाजी माझ्यापाशी आले आणि कधी नव्हे ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, फोटो बरोबर लावला पोरीने. त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं. माझी बायको अजून म्हणते की आदल्या दिवशी काकांना एकट्यात सांगायला हवं होतं. असेल. आपली भांडणं एकट्यात झाली होती आणि त्याने काय झालं ते बघितलंच.

आता आजचं सांगतो आणि उठतो, सेकंड शिफ्टला जायचंय.

दवाखान्यात त्या डॉक्टरणीने वैशूचंही रक्त तपासलं होतं. काठावर आहे, म्हणाली होती, घरी काही दिवस सकाळची बघा आणि आकडे घेऊन या. इतक्या दिवसांत कोणाला सुचलं नाही. आज सकाळी साडेआठला दार वाजलं. वैशू. हातात तुझं मशीन आणि दवाखान्यातून तुमच्या घरी राहिलेली आपली वही. केस ओले, डोळे सुजलेले. तिने घरीच टोचून घेतलं होतं. एकशे अठ्ठावीस. तशी फार नाही, पण उपाशीपोटी म्हणजे नसायला हवी. उंबऱ्यातच उभी राहिली, आत येईना. तिला अहिराणी कळते पण बोलत नाही, तुला माहीत आहे, शाळेपासून तिची जीभ गुजराती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, में कंई खाधुं नथी."

तुझंच वाक्य, आक्का. तीच मान, तोच आवाज. वीस वर्षांची पोर आणि आताच तिला वाटतंय की आधी हे सांगायला पाहिजे.

"माले माहीत शे," मी म्हटलं.

तिने वर बघितलं. बहुतेक नीट ऐकू आलं की नाही अशी बघत होती, म्हणून पुन्हा म्हटलं. माहीत शे बेटा, आत ये. मग ती आत आली आणि माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. उद्या तिला घेऊन त्या डॉक्टरणीकडे जातोय, तेही ठरलं. लपवायचं काही नाही, पाय नाही, आकडा नाही.

मी वही उघडली. तुझ्या शेवटच्या पानानंतरचं कोरं पान. तारीख लिहिली, एकशे अठ्ठावीस लिहिलं, आणि शेवटच्या खान्यात, रात्री काय खाल्लं, तिथे लिहिलं, काही नाही.

मग मागची पानं उलटली. तुझी. पहिल्यापासून सुरू केलं. घारीच्या दिवशी घारी लिहिलंय, ते तसंच ठेवलं. बाकी जिथे जिथे सांगत नाही लिहिलंय, तिथे रेघ मारून वर लिहीत गेलो, काही नाही. काही नाही. काही नाही. खूप पानं आहेत, आक्का. वैशू चहा घेऊन आली, बाजूला ठेवला, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, मामा, गार होईल. मी म्हटलं, होऊ दे.